मेमरी कार्डातले कावळे

पितृपक्ष लागला की सोलापूरची नवी पेठ एकदम रिकामी वाटते. म्हणजे माणसं असतात, रिक्षा असतात, पण कुणाच्या हातात पिशव्या नसतात. या पंधरवड्यात नवं कापड कुणी घेत नाही, आणि कापडच घेतलं नाही तर अस्तर तरी कोण घेणार? आमचं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, लेस, हुक, रिळं. एरवी ब्लाउजपीस हातात धरून बायका काउंटरवर अशी झुंबड करतात की मला पाणी प्यायला सवड होत नाही. हे पंधरा दिवस मात्र मी स्टुलावर बसून समोरच्या विजेच्या तारेकडे बघत असते. तारेवर कावळे असतात.

कावळ्याला लोक सरसकट काळा म्हणतात. रंगांच्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या बाईला ते पटत नाही. डोकं काळं, पंख काळे, पण मान राखाडी असते आणि ती राखाडी कुठे संपते, काळं कुठे सुरू होतं, ते नेमकं सांगता येत नाही. त्या राखाडीचं अस्तर माझ्याकडे आहे. फारसं खपत नाही. तरी ठेवावं लागतं, कारण कधीतरी कुणीतरी नेमकं तेच मागत येतं.

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक वयस्कर गृहस्थ केळीचं पान घेऊन उभे असतात. चांगला भारदस्त माणूस, पण ‘काव काव, या या’ करताना त्याचा आवाज अगदी लहान होतो. हेच गृहस्थ उन्हाळ्यात गच्चीवरच्या पापडांजवळ काठी घेऊन बसलेले मी पाहिले आहेत. मला हसू येतं, आणि मग हसू आल्याची लाज वाटते. त्यांचं पान पाच मिनिटांत साफ होतं. आमच्या बोळामागे कचऱ्याचा एवढा मोठा ढीग आहे की शहरात कावळ्यांना तोटा नाही. तोटा आमच्या गावात आहे.

आमचं गाव माढा तालुक्यात, इथून एसटीनं दोन तासांवर. तिथे माझी आई आणि धाकटा भाऊ भारत राहतात. आप्पा, म्हणजे माझे वडील, जाऊन आता सात-आठ वर्षं झाली. भाद्रपद वद्य दशमीला त्यांचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, असतो. त्या दिवशी घराच्या पत्र्यावर पान ठेवायचं आणि कावळा शिवेपर्यंत आई तोंडात पाण्याशिवाय काही घालत नाही. तिला साखरेचा आजार आहे. गोळी घेतली आणि वर अन्न गेलं नाही तर तिला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. हे तिलाही माहीत आहे. तरी ती खात नाही.

आणि गावात कावळा नाही. एकही नाही.

हे सांगितलं की लोक म्हणतात, असं कसं होईल, नीट बघा. मी नीट बघितलंय. गेल्या वर्षी सकाळी दहापासून दिवस कलेपर्यंत मी फक्त आभाळच बघत होते. साळुंक्या आल्या, होले आले, एक घार फार उंचावरून गेली. कावळा आला नाही. कुठे गेले, हे मी सांगू शकत नाही. ओढ्याकाठची मोठी झाडं गेली, नांगर गेले, गुरं कमी झाली, शेतोशेत औषधं आली, अशी कारणं पारावर बसलेला कुणीही सांगतो. मला त्यातली एकच गोष्ट पक्की ठाऊक आहे, कारण तेव्हा मी तिथे होते.

दहा-अकरा वर्षं झाली असतील. मकेच्या पेरणीचे दिवस होते. आईचा उजवा हात मनगटात मोडला होता, म्हणून मी दुकान नवऱ्यावर सोपवून महिनाभर माहेरी भाकरी थापायला गेले होते. आठवतो तो आधी वास. चुलीचा ओला धूर, म्हशीच्या अंगाचा उबट वास, भिजत घातलेल्या मकेचा आंबूस वास. आई प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून उंबऱ्यात बसायची आणि तिथून मला सूचना द्यायची. पीठ सैल झालं, जाळ कमी कर, आणि रोज न चुकता एक: पहिल्या भाकरीचा तुकडा भिंतीवर ठेव. परड्याच्या भिंतीवर एक कावळा ठरलेल्या वेळी यायचा. त्याच्या एका पायाचं बोट तुटलेलं होतं. तुकडा उचलायचा, पाण्याच्या डोणीवर जायचा, भिजवायचा आणि मगच खायचा. ‘म्हातारा हाय, दात न्हाईत त्येला,’ आई म्हणायची आणि स्वतःच हसायची.

म्हशीच्या कानातली गोचीडं तोच काढायचा. हे ज्यानं पाहिलं नाही त्याला खरं वाटणार नाही. एरवी माशी बसली तरी शेपटीचा फटकारा मारणारी ती म्हैस कावळा डोक्यावर उतरला की कान आडवा धरायची, डोळे मिटायची आणि हलायची नाही. आप्पा वैरण टाकता टाकता थांबून बघायचे. नांगरट चालू असली की त्यांच्या मागे नांगराच्या तासातून कावळे चालत, हुमणीच्या पांढऱ्या अळ्या वेचत. आप्पा दुपारची भाकरी खाऊन उरलेला तुकडा बांधावर ठेवायचे आणि म्हणायचे, ‘ह्यांची मजुरी.’ ते फार बोलणारे नव्हते, त्यामुळे असलं एखादं वाक्य घरात पुष्कळ दिवस पुरायचं.

त्याच महिन्यात पाखऱ्याच्या खांद्याला जखम झाली. पाखऱ्या आमचा उजवीकडचा बैल. जू घासून कातडं गेलं होतं, रुपयाएवढंच, पण ओलं. आप्पांनी हळद-तेल लावलं, कापड बांधलं. बैल मान झटकायचा, कापड खाली. आणि म्हशीच्या कानात हळूच चोच घालणारे तेच कावळे बैलाच्या खांद्यावर बसून जखमेत चोच घालायचे. मी परड्यात काठी घेऊन बसायची. भाकरी करपली म्हणून आत गेले की तेवढ्यात ते यायचे. जखम तळहाताएवढी झाली, मग तिच्यात किडे पडले. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, सुया झाल्या. एके सकाळी पाखऱ्या उठला नाही. आप्पा त्याच्या डोक्याशी बसून राहिले, आणि समोरच्या भिंतीवर कावळे येऊन बसले. आप्पांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्याची मला भीती वाटली होती, हे मला आजही सांगता येतं.

पुढच्या आठवड्यात मका उगवली. कावळा उगवत्या मकेच्या तासातून शहाण्यासारखा चालत जातो. एकेक कोंब धरून उपटतो, खालचा दाणा खातो आणि हिरवा कोंब तिथेच टाकतो. आम्ही दोनदा नांगे भरले, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोकलं. दोनदा त्यांनी उपटलं. तिसऱ्यांदा नांगे भरायची वेळ आली तेव्हा आप्पांनी परड्यात बसून एका फुटक्या परातीत मका घेतली आणि काडीने काहीतरी कालवलं. उग्र वास आला. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नाही, हे ठरवण्यात माझी इतकी वर्षं गेली.

सकाळी बांधावर काळे ठिपके होते. मी मोजले नाहीत. आप्पांनी त्यातला एक उचलला, पायाला सुतळी बांधली आणि रानाच्या मधोमध रोवलेल्या बाभळीच्या खांबाला, मेढीला, उलटा टांगला. आमच्याकडे पूर्वीपासून तसं करतात. मेलेला बघून बाकीचे त्या रानात उतरत नाहीत. पण आधी ते जमतात. कुठून कुठून आले कोण जाणे. आभाळ काळं झालं म्हणावं इतके आले, मेढीभोवती गरगर फिरत होते आणि ओरडत होते. तो नुसता कलकलाट नव्हता. घरात कुणी गेल्यावर बायका जशा एकदम सुरुवात करतात तसा तो होता. खाली आप्पा तेलाचा रिकामा डबा बडवत ओरडत होते, ‘हाऽऽ! चला, हाऽऽ! परत हितं दिसू नगा!’

आणि मी काय केलं? पदराआडून नवा मोबाईल काढला आणि सगळं रेकॉर्ड करून घेतलं. सोलापुरात मुलांना ऐकवायला. एवढे कावळे त्यांनी कुठे ऐकलेत! त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी एक बाई हसते. ती मीच.

टांगलेल्या कावळ्याच्या एका पायाचं बोट तुटलेलं होतं. मला ते तेव्हाच दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा तुकडा तसाच राहिला. त्याला मुंग्या लागल्या. आई उंबऱ्यातून मान लांब करून बघत होती. ‘आज आला न्हाय का गं म्हातारा?’ बाहेर भुरभुर चालू होती. मी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाले, ‘पाऊस हाय न्हवं, यील की.’ तिनं मान डोलावली. नंतर हात बरा झाल्यावरही ती रोज तुकडा ठेवत राहिली. तिला आप्पांचं कृत्य कळलं होतं का? गावात कळल्याशिवाय राहत नाही. पण तिनं आप्पांना कधी विचारलं नाही. एकदा मीच तिला म्हणाले होते, कावळा म्हणजे नुसता उपद्रव, कशाला त्याचे लाड? ती म्हणाली, ‘शेजारी हाय बाय आपला. शेजारी काय समदेच चांगले असत्यात व्हय? पर असावं लागतंय कुणीतरी भिताडापलीकडं.’

आप्पा गेले तेव्हा सीनेच्या काठावर दहाव्याला कावळा शिवला. नदीकडे तेव्हा होते थोडे. आई निश्चिंत झाली. नंतरच्या म्हाळांना कुठून तरी लांबून एखादा यायचा, उशिरा, दोन वाजता, तीन वाजता. मग तोही यायचा बंद झाला.

भारतनं मकेच्या त्या रानात डाळिंब लावलं. डाळिंब पिकायला लागलं की पाखरं फोडतात, म्हणून सगळ्यांनी बागेत आवाजाची मशीन बसवली. खांबाला कर्णा, आत मेमरी कार्ड, उजाडल्यापासून अंधारेपर्यंत थोड्या थोड्या वेळानं वाजत राहते. एकदा त्याचा फोन आला. ‘आक्का, तुज्या मोबाईलमधी त्यो कावळ्यांचा कालवा हाय का आजून? विकतच्या आवाजाला पाखरं भीत न्हाईत.’ मी ते रेकॉर्डिंग शोधून लगेच पाठवलं. भावाच्या उपयोगी पडल्याचा आनंदही झाला. त्यानं ते बागेत लावलं, जिथे मेढ होती जवळपास तिथेच. बाग ओढ्यापलीकडे, घरापासून लांब. आईच्या गुडघ्यांमुळे ती तिकडे जात नाही.

आता गेल्या वर्षीची दशमी सांगते. आईनं पहाटे उठून सगळं स्वतः केलं होतं. तांदळाची खीर, उडदाचे वडे, गवार, भोपळा, आमटी आणि आप्पांना लागायची ती जाडसर शेंगाचटणी. पानाच्या कडेला चुन्याची डबी आणि तंबाखू. भारत पत्र्यावर पान ठेवून आला आणि आम्ही अंगणात बसलो. अकरा वाजले, एक वाजला. आई मधूनमधून आभाळाकडे तोंड करून आप्पांना शब्द द्यायची. ‘भारताच्या पोरीला शिकवू. म्हस इकनार न्हाय. आनि काय ऱ्हायलंय तुमचं?’ दोन वाजता तिच्या कपाळावर घाम दिसला. मी म्हणाले, गाईला पान घालू, शास्त्रात चालतं. ‘गाय समद्यांचंच खाती,’ आई म्हणाली. ‘तिला कसं कळायचं ह्येनी खुश हायत का न्हाई?’ मी म्हणाले, सोलापूरला माझ्या दारात ढिगानं कावळे आहेत, पुढच्या वर्षी तिथे पान ठेवू. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘तितल्यांची आन् ह्येंची वळख न्हाय.’

तीनच्या सुमाराला तिचे हात कापायला लागले. मी साखर पुढे केली, तिनं ओठ मिटून घेतले. तेव्हा भारत उठला, मोटारसायकल काढली आणि बागेतून मशीनच घेऊन आला. ‘कावळ्याला कावळ्याचा आवाज आला की येतंयच. त्या दिशी कसं गोळा झालतं, बघितलंस न्हवं?’ त्याचं म्हणणं चूक नव्हतं. त्या दिवशी ते आवाजानंच जमले होते. मी त्याला थांबवलं नाही. मीही त्या क्षणी फक्त कावळ्यांचाच विचार करत होते.

कर्णा पत्र्यावर ठेवून त्यानं बटण दाबलं. अंगणभर कावळे ओरडायला लागले. शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावल्या. आईचा चेहरा उजळला, ती हात जोडून उभी राहिली, आभाळात इकडून तिकडे शोधायला लागली. आणि मग कलकलाटातून डबा वाजला, आणि आप्पा आले.

‘हाऽऽ! चला, हाऽऽ! परत हितं दिसू नगा!’

इतक्या वर्षांनी त्यांचा तो घोगरा, खालून वर चढणारा आवाज, त्यांच्याच घराच्या पत्र्यावरून. भारत शिडीवर थिजला. रोज तोच आवाज ऐकून त्याच्या कानांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं, त्याला आठवलंच नव्हतं. आणि मी, जिनं ते भरून घेतलं होतं, मलाही नाही. आईनं आधी दाराकडे बघितलं. मग पत्र्याकडे. जोडलेले हात तसेच होते. ती अगदी रोजच्या आवाजात, जेवायला बोलवावं तशी म्हणाली, ‘आवो, आता तरी हाकलू नगा की. तुमचंच पान हाय त्ये.’

त्यानंतर रेकॉर्डिंगमधली ती बाई हसली.

पान शेवटी गाईला घातलं. दिवस मावळताना आईनं अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, तीही डॉक्टरचं भय घातल्यावर. भारत ओट्यावर पाठ करून बसला होता. मी त्याच्यावर चिडले, वाटेल ते बोलले. मग तो म्हणाला, ‘आक्का, रोज वाजतंय म्हनून ऐकू येत न्हाय, ह्ये खरं हाय. पर एक दिस मशीन बंद पडली न्हवं, तर बागंत जाऊ वाटंना मला.’ आप्पांचा दुसरा कुठलाही आवाज आमच्याकडे नाही. लग्नाच्या कॅसेटीत ते सगळीकडे आहेत, पाणी वाढताना, मांडव बांधताना, पण एकदाही बोललेले नाहीत. त्यांचं बोलणं जगात उरलंय ते एवढंच.

निघताना आईनं माझा हात धरला. ‘बाय, त्यास्नी त्यातनं काडा. किती वरीस झालं, उभ्यानं वरडाय लागल्यात. डबं वाजवून हात दुकत असतील की.’ मी म्हणाले, काढते. भारतच्या तोंडाकडे बघितलं नाही. पंधरा दिवसांनी फोनवर तिला सांगितलं, पुसून टाकलं, दोन्हीकडचं. ‘बरं झालं,’ ती म्हणाली, आणि तिनं सुस्कारा सोडला तो मला फोनमधून ऐकू आला.

पुसलं नाही. मी कधीकधी दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढते आणि आवाज बारीक करून ते लावते. कावळे मरणाच्या आकांतानं ओरडत असतात आणि मी त्यातून माझ्या बापाचा आवाज वेचत असते. आपण किती नीच असू शकतो, हे माणसाला असंही कळतं. बागेतही ते चालूच आहे. रोज उजाडलं की आप्पा त्या रानात उभे राहून सांगतात, परत इथे दिसू नका. आणि कावळे त्यांचं ऐकतात.

काल या वर्षीची दशमी झाली. भारतनं आदल्या दिवशीच मशीन बंद केली होती, तेवढी एक दिवसापुरती. पान पत्र्यावर ठेवलं. शेंगाचटणी, चुन्याची डबी, तंबाखू. आई या वर्षी खूप वाळली आहे. दुपारपर्यंत ती शांत होती, जवळजवळ आनंदात होती, कारण तिच्या लेखी आता कसली अडचणच उरली नव्हती. तीन वाजले. कपाळावर घाम आला. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, ढगाचा ठिपका नव्हता, ऊन डोळ्यांत खुपत होतं. तिनं हात कपाळाशी धरून एकदा सगळीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘आता तर ह्येनी हाकलत न्हाईत. मग का येत न्हाय गं?’

मोबाईल माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होता. मी पर्सवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘पाऊस हाय न्हवं, यील की.’